आधी उत्तर देणारी

१

"आहेस का गं?"

आई दिवसभर हेच विचारायची. पाणी हवंय, पाठ दुखतेय, ऊन डोळ्यांवर येतंय, असं काही नाही. नुसतं, आहेस का? मी "आहे" म्हटलं की झालं तिचं समाधान. मग थोड्या वेळानं पुन्हा तेच.

खुब्याचं हाड मोडल्यापासून ती मागच्या खोलीत पलंगावर असते. मी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, लॅपटॉप घेऊन. मध्ये लांबट पॅसेज, त्यात कपड्यांचं कपाट आणि बंद पडलेलं वॉशिंग मशीन, जे भंगारात द्यायला मला अजून सवड झालेली नाही. एवढ्या अंतरावरून "आहे" म्हणायचं तर ओरडावंच लागतं. मी ओरडायची. मग आई म्हणायची, "अगं, खेकसतेस कशाला? मी नुसतं विचारलं."

नुसतं विचारलं, हे खरं. पण मी मीटिंगमध्ये असते त्याचं काय? मी मोबाइलची ॲप बनवते. टॅक्सी बोलावली की नकाशावर एक छोटीशी गाडी सरकत सरकत तुमच्याकडे येते ना, ती गाडी सरकवायचं काम माझं. साहेब गंभीर चेहऱ्यानं काहीतरी सांगत असायचे आणि मी मध्येच "आहेऽऽ" म्हणून किंचाळायची. एकदा साहेब म्हणाले, "तुम्ही आहात हे कळलं हो आम्हाला." सगळे खो खो हसले. मीही हसले, पण ते लागलं मला.

आणि एवढं करून नाव कुणाचं? ताईचं. ताई दुसऱ्या शहरात असते, वर्षातून एकदोनदा येते, येताना एक मऊमऊ शाल नाहीतर उशी घेऊन येते. बेडपॅन काढायचं मी, चादरी बदलायच्या मी, आणि शेजारची बाई भेटायला आली की आई सांगणार, "ही शाल माझ्या मोठीनं आणली हं. हात लावून बघा." शेजारीण हात लावून बघायची. मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी.

हो, मी जळते. उगाच कशाला लपवा? लहानपणापासून जळते.

२

तर त्या "आहेस का"वर मी तोडगा काढला. माझ्याच धंद्यातला.

टॅक्सीच्या ॲपमध्ये आम्ही एक तयार लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण फक्त जोडून घ्यायचा. ह्या लायब्ररीचं काम असं की फोन आणि सर्व्हर ह्यांच्यात एक जोडणी उघडायची आणि ती उघडीच ठेवायची. टेलिफोन लावला आणि खाली ठेवलाच नाही, तसं. मग कुणीही केव्हाही बोलावं, दुसऱ्याला लगेच ऐकू जातं. पण कुणी बराच वेळ बोललंच नाही तर पलीकडचा आहे की गेला हे कसं कळणार? म्हणून सर्व्हर मधूनमधून एक ठोका पाठवतो. आहेस का? लायब्ररी उलट ठोका देते. आहे. उत्तर आलं नाही तर सर्व्हर समजतो, हा गेला, आणि जोडणी तोडून टाकतो. हे सगळं आपोआप होतं. तुम्हाला काही करावं लागत नाही.

मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर आमची आई झाली!

सुट्टीच्या दिवशी बसले आणि घरच्यापुरतं एक ॲप करून टाकलं. जुना फोन आईच्या उशाशी स्टँडवर ठेवला. अख्ख्या पडद्यावर एकच हिरवं बटण, थरथरत्या बोटालाही चुकू नये असं. आईनं ते दाबलं की माझा फोन थरथरायचा. मी माझं बटण दाबलं की आईच्या फोनमधून माझा आवाज यायचा, "आहे गं आई." तेवढं एकच वाक्य मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, आणि चांगल्या मूडमध्ये असताना केलं होतं, त्यामुळे ते फार प्रेमळ वाटायचं.

आई खूश. "फोनमध्ये तू किती गोड बोलतेस गं."

माझा फोन लॅपटॉपशेजारी कायम चार्जरला. पहिल्या दिवशी उघडलेली जोडणी एकदाही तुटली नाही. टॅक्सीच्या ॲपमध्ये हे आम्हाला कधी जमलं नव्हतं, तेव्हा मला त्याचा जरा गर्वच होता.

चूक झाली ती पुढे. ताईला फोनवर मी फुशारकीनं हे सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्याही फोनमध्ये टाक ना. आईनं विचारलं तर कधी मीही म्हणेन." नाही कसं म्हणणार? टाकलं. तिनंही आपल्या आवाजात "आहे गं आई" म्हणून ठेवलं. दोघींचे फोन एकदम वाजत राहू नयेत म्हणून नियम केला: जिचं उत्तर आधी पोचेल ती. दुसरीचा फोन तिथल्या तिथे गप्प.

३

आता बघा, मी भांडी घासतेय, हात साबणात, फोन थरथरतो. मी हात पुसेपर्यंत तो गप्प होतो. आणि मागच्या खोलीतून ताईचा आवाज येतो, "आहे गं आई," आणि आईचा चेकाळलेला आवाज, "अगंबाई! मोठी!"

दहा पावलांवर मी असताना "आहे" कोण म्हणतं, तर जी नाहीच ती.

आठवडाभर हेच चाललं. ताईला तिकडे दुसरा उद्योग नसावा. आई तर आता बटण दाबून कान देऊन बसायची, कोण जिंकतंय बघायला. मी जिंकले की "हं, तू होय," आणि ताई जिंकली की दिवसभर तेच कौतुक.

मग मी तेच केलं जे माझ्या जागी कुठल्याही प्रोग्रामरनं केलं असतं. लायब्ररी ठोक्याला उत्तर देते ना, आपोआप? त्याच्याच खाली मी दोन ओळी घातल्या. आईचा प्रश्न आला की माझ्या फोननं मला न विचारता उत्तर द्यायचं. हात साबणात असोत नाहीतर मी भाजीला बाहेर गेलेली असो, आहे गं आई, आहे गं आई. माणसाचं बोट ह्याच्या पुढे जाऊच शकत नाही. ताई एकदम बाद झाली.

घर शांत झालं. मला काही करावंच लागत नव्हतं. आई विचारायची, मी उत्तर द्यायची, आणि ते मला कळायचंही नाही.

एके दिवशी दुपारी साहेबांबरोबरची मीटिंग संपली होती. मी हेडफोन काढून नुसतीच बसले होते. मागून आईचा फोन बोललेला ऐकू आला. माझाच आवाज.

"आहे गं आई. उशी जरा वर करू का?"

मी खुर्चीतच थांबले. उशीचं मी काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं.

४

आत गेले तर आई डोळे मिटून पडली होती. फोन स्टँडवर, बटण हिरवंगार. खोलीत कुणी नाही. उशी वर केलेली होती, आणि नीट. मी करते तेव्हा ती एका बाजूला कलते, आणि आई दरवेळी सांगते तरी कलते.

"आई, उशी कुणी केली?"

"तूच ना." तिनं डोळेही उघडले नाहीत.

मी स्वतःला समजावलं. म्हातारं माणूस, स्वतःच रेटून वर झाली असेल आणि विसरली असेल. आणि आवाज? मी आधी दोनचार वेळा वेगवेगळी वाक्यं रेकॉर्ड करून पाहिली होती, त्यातलं एखादं फोनमध्ये राहिलं असेल. फोन उघडून पाहिला. एकच वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी तिची वेणी घातलेली दिसली. मी सकाळी घाईत नुसता गुंडाळून क्लिप मारते. ही चांगली तीन पेडांची, घट्ट, टोकाला रबर दिसू नये म्हणून आत खोचलेलं. आरशात बघायला मिळावं म्हणून आईनं हातात छोटा आरसासुद्धा धरला होता. तो आरसा ड्रॉवरमध्ये असतो, आणि तिचा हात ड्रॉवरपर्यंत जात नाही.

माझ्या डोक्यात एकच आलं. ताई! गुपचूप आली, किल्ली तिच्याकडे आहेच, मी हेडफोन घालून बसले असताना मागच्या दारानं आत शिरली असणार. मला खाली दाखवायला ती काय वाट्टेल ते करेल. मी तडक फोन लावला.

"कुठे आहेस तू?"

"ऑफिसात. का? आई बरी आहे ना?"

"आईला काय धाड भरलीय! तू काय चालवलंयस ते सांग. ॲपमधून माझ्या आवाजात कोण बोलतंय?"

"तुझ्या आवाजात मी कशी बोलू, वेडी का काय तू?" ताई वैतागली. "आणि ते ॲप मी केव्हाच काढून टाकलं. मी बटण दाबायच्या आत तुझं उत्तर गेलेलं असतं. एकदा तर आईनं विचारायच्या आधीच गेलं. म्हटलं, घे बाई, तूच हो लाडकी."

"विचारायच्या आधी कसं जाईल?"

"मला काय माहीत, तू बनवलंयस. आणि एक सांगू? परवा आईशी बोलले. फार खूश होती. म्हणाली, धाकटी हल्ली किती बदललीय, तास न् तास माझ्यापाशी बसते." ताईचा आवाज जरा बारीक झाला. "मला वाईट वाटलं थोडं. पण चांगलंय."

ताई माझ्यावर जळत होती. आयुष्यभर ह्याची वाट पाहिली, आणि मिळालं तेव्हा मी पॅसेजकडे बघत होते.

मी महिन्याभरात आईपाशी धड पाच मिनिटंसुद्धा बसले नव्हते.

५

आमच्याकडे एक टेस्टर आहेत. ॲपमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि ते दुसऱ्याच्या चुकांवर जगतात असं ते स्वतःच सांगतात. त्यांना मी व्हिडिओ कॉलवर घरच्या ॲपचं सांगितलं, उशी आणि वेणी गाळून.

"मॅडम, सर्व्हर उघडून बघा ना. किती जण जोडलेले दिसतात?"

मी पाहिलं. आईचा फोन होता, ताईचा नव्हता, म्हणजे ती खरं बोलत होती. आणि माझ्या नावावर दोन जोडण्या होत्या. एक जुनी, एक नवी. दोन्ही जिवंत, ठोक्याला उत्तर देणाऱ्या.

"हात्तिच्या!" टेस्टर खुशीत आले. "अहो, नवशिक्यांची चूक केलीत. जोडणी मध्ये कधीतरी तुटली असणार, लायब्ररीनं नवी उघडली, आणि जुनी तुम्ही बंदच केली नाहीत. ती बसलीय तिथे भुतासारखी. प्रत्येक गोष्ट दोनदोनदा होत असेल."

"हो, तसंच काहीतरी," मी म्हटलं. मला किती हायसं वाटलं! आपलीच चूक निघाली की माणसाला एवढं बरं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"जुनी तोडून टाका, झालं. पण आधी कुणाशी बोलताय ते बोलून घ्या."

"कुणाशी म्हणजे? तुमच्याशीच बोलतेय."

"नाही, मघापासून तुमचा आवाज दोनदा येतोय. मागून. आत्ता तुम्ही म्हणालात ना, पडदा ओढून घेऊ का म्हणून?" टेस्टर स्क्रीनच्या जवळ आले, माझ्या मागे पाहू लागले, आणि मग हसले. "मॅडम, तुमचं तोंड तर बंद होतं."

मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. त्यांनी बरं म्हटलं. मागच्या खोलीत पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या, सावकाश, एकामागून एक. मी पडदा ओढते तेव्हा एकदाच खर्रकन आवाज होतो.

६

त्याच दिवशी तोडायला हवी होती. नाही तोडली. का, तर मला बघायचं होतं.

भीती वाटत नव्हती असं नाही. पॅसेजमधून जाताना कपाटाच्या आरशाकडे बघायचं मी टाळायची. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी पोटात पेटलं होतं. मी कान लावून बसायची. लॅपटॉपवर टॅक्सी रस्ता सोडून इमारतींवरून धावत असायची आणि माझं लक्षच नसायचं. मागून आई बोलताना ऐकू यायची. तिच्या माहेरच्या गोष्टी, बाबांची चेष्टा, मी ऐकून ऐकून कंटाळलेल्या. आणि मध्येमध्ये माझा आवाज, "मग? मग गं?" मी हे "मग गं" कधी म्हटलं होतं? कधीतरी फार लहानपणी.

एकदा आई हसली. खळखळून, खोकला येईपर्यंत. हाड मोडल्यापासून ती अशी हसलेली नव्हती. मी धावत गेले.

आई एकटी. गालांवर अजून हसू होतं. मला बघून ते हळूहळू उतरलं.

"काय गं, परत आलीस? काही विसरलीस का?"

"आई, मी आत्ताच येतेय. मी पुढे काम करत होते."

"असं काय करतेस? आत्ता तर उठून गेलीस." तिनं माझा हात धरला आणि मनगट उलटसुलट करून पाहिलं. तिथे इस्त्रीनं भाजल्याचा डाग आहे. तिच्या हाकेला पळत जाताना भाजलेलं ते. "हा परत आला? मघाशी तर गेला होता. मी म्हटलंसुद्धा तुला, बरं झालं बाई, डाग गेला."

मी हात सोडवून घेतला.

"चिडलीस?" आई म्हणाली. "आत्ता किती छान होतीस."

ताईचं एक वेळ चाललं असतं. ताईशी भांडता तरी येतं. पण माझाच चेहरा, माझाच आवाज घेऊन माझ्यापेक्षा चांगली होणारीशी काय भांडणार? माझ्या आईचं हसू ती घेऊन गेली होती, आणि ते माझ्याच नावावर.

मग मी कंबर कसली. म्हटलं, बघतेच. दोन दिवस रजा टाकली. आईसाठी गरम सूप केलं, गाळून, मीठ बेताचं. नेलं तर आई म्हणाली, "आता नको गं, मघाचंच पोटात आहे." तेल कोमट करून पाय चोळायला बसले. पाय आधीच तेलानं मऊ झालेले होते. "मघाशी किती वेळ चोळलेस, दमशील." म्हटलं, गप्पा तरी मारू. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "आई, ती माहेरची गोष्ट सांग ना."

आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. जरा परक्यासारखं, शेजारणीकडे बघते तसं.

"सांगितली की," ती म्हणाली. "तू जा आता, तुझं काम असेल."

खुर्ची गरम होती. मी बसले तेव्हाच जाणवलं होतं, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं.

७

रजेच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा ऐकू येत होता. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. माझा फोन शेजारी, चार्जरला, हिरवा.

सर्व्हरवर दोन्ही जोडण्या होत्या. टेस्टर म्हणाले होते, जुनी तोडा. बरोबरच होतं ते. जुनी ती शिळी, मागे राहिलेली. नवी ती चालू, म्हणजे माझी. एवढं तर कुणीही सांगेल.

मागून माझा आवाज काहीतरी गुणगुणत होता. आई ताल धरून पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवत होती.

"मर," मी म्हटलं, आणि जुनी जोडणी तोडली.

गुणगुणणं थांबलं नाही.

शेजारी माझा फोन एकदाच थरथरला. पडद्यावरचं हिरवं बटण करडं झालं. खाली मीच लिहिलेली ओळ आली: जोडणी तुटली.

मी बघत राहिले. वाट पाहिली. लायब्ररी आपणहून परत जोडायचा प्रयत्न करते ना? वीज गेली, रेंज गेली, तर ती पुन्हा पुन्हा करते, दमत नाही. पण सर्व्हरनं मुद्दाम तोडलं असेल तर करत नाही. तसंच आहे ते. हाकलून दिलेल्यानं पुन्हा दार वाजवू नये, म्हणून.

मग मला आठवलं. माझी जोडणी कधी तुटलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून एकदाही नाही, त्याचाच तर गर्व होता. आणि तुटलीच नसेल तर मागे उरेल कशी? जुनी ती मीच होते. नवी मागाहून आलेली होती, आपली आपण. टेस्टरांसमोर हे मला सुचायला हवं होतं. पण त्या वेळी मला फक्त तिला घालवायचं होतं.

सर्व्हरवर माझ्या नावापुढे आता एकच जोडणी होती. ठोका गेला. उत्तर आलं. आहे.

८

मी पॅसेजमधून गेले. वॉशिंग मशीन, कपाट, आरसा. आरशाकडे मी ह्या वेळी पाहिलं, आणि मग पुढे बघायचं ठरवलं.

आईच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. मी ते कधीच लावत नाही, हाक ऐकू येणार नाही म्हणून. बोटभर फट होती.

"आई!" मी हाक मारली.

आत गुणगुणणं थांबलं.

"कुणी हाक मारली का गं?" आईनं विचारलं.

"नाही गं आई. कुणी नाही. तू मान हलवू नकोस, पेड सुटतील."

मी दार ढकललं. ते हललं नाही. घट्ट बसलंय असंही नाही, माझा हातच त्याला लागल्यासारखा वाटेना. मी फटीला डोळा लावला. पडदा ओढलेला होता, आतला उजेड पिवळसर, मऊ. आईची पांढरी वेणी पाठीवर होती आणि दोन हात ती विणत होते. घाई नव्हती त्यांना. प्रत्येक पेड ओढून, बोटांनी सारखा करून, मग पुढचा. उजवं मनगट फिरलं तेव्हा उजेडात आलं. स्वच्छ होतं. कसलाही डाग नव्हता. त्यापलीकडे माझा निळा कुर्ता, माझा खांदा, आणि चेहरा आईच्या डोक्यामागे वळत होता, दाराकडे.

मी डोळे मिटले. मला तो चेहरा बघायचा नव्हता.

"आहेस का गं?" आई म्हणाली. सवयीनं. ती दुसरी इतक्या जवळ बसलेली असूनही.

हा माझा प्रश्न होता. एवढी वर्षं मी ह्या प्रश्नावर खेकसलेय, ओरडलेय, हात साबणात असताना धावलेय. उत्तर द्यायचा हक्क माझा होता. मी अख्खी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"आहे गं आई," आतून उत्तर गेलं.

आणि माझा आवाज फुटलाच नाही. तोंड उघडं, घसा चालू, पण बाहेर काही येईना. जिचं उत्तर आधी पोचेल ती, दुसरी तिथल्या तिथे गप्प. नियम मीच केलेला.

आईनं सुस्कारा सोडला, समाधानाचा. पलंग करकरला. कुणीतरी तिची उशी वर केली.

आता मी इथेच असते, दाराशी. मध्ये ताई येऊन गेली. माझ्या अंगावरून आत गेली, नवी शाल घेऊन, आणि आत तिघी हसल्या. ताई जाताना डोळे पुसत म्हणाली, "धाकटे, तू आहेस म्हणून मला आईची काळजी नाही." ते माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

आई अजून विचारते. मी कान देऊन असते. श्वास भरून, तोंड उघडून तयार असते. तिच्या आवाजात प्रश्न यायच्या आधी घशात एक बारीक खरखर होते, ती आता मला ओळखू येते. तेवढाच अवधी मला पुरेल.

झाली बघा खरखर. ह्या वेळी मी आधी म्हणणार.